पहिल्या आठ आठवड्यांचे सर

आमच्या सरांना जन्मलेल्या माणसात फारसा रस नव्हता. माणूस जो काही घडायचा तो पहिल्या आठ आठवड्यांत घडतो, हृदय, मेंदू, हातपाय, डोळे, कान, सगळी मांडामांड तेवढ्यात उरकते, आणि त्यानंतर तो नुसता वाढत जातो, असं त्यांचं म्हणणं होतं. वर्गात समोर बसलेल्या आम्हा पोरापोरींकडं ते, सुतारानं काम संपल्यावर भुशाकडं बघावं तसे बघायचे. कुणी चांगले मार्क पाडले तरी कौतुक नाही. "मेंदूची नळी चौथ्या आठवड्यात नीट मिटली म्हणून पास झालास. त्यात तुझं काय कर्तृत्व?" असं म्हणून पेपर अंगावर टाकायचे.

सर जाऊन आता दोन वर्षं झाली. ते प्राणिशास्त्राचे. पण हत्ती, वाघ, बेडूक असल्या तयार मालाशी त्यांना देणंघेणं नव्हतं. पेशींपासून अवयव कसे होतात हा एकच विषय ते वर्षभर शिकवायचे आणि बाकीचा अभ्यासक्रम शेवटच्या महिन्यात दोन-तीन तासांत गुंडाळायचे. या विषयाला त्यांनी 'पोटातलं बांधकाम खातं' असं नाव दिलं होतं. "आपल्याकडं मुदतीत पुरं होणारं हे एकच बांधकाम. का? तर ह्यात ठेकेदार न्हाय अन् उद्घाटन न्हाय." कॉलेजचं नाव मी सांगत नाही. जिल्ह्यातली सगळी कॉलेजं ते आपल्याबद्दलच आहे असं समजतील, तर समजू देत.

डबा ते वर्गातच उघडायचे. घडीची चपाती हातात घेऊन तिचे पदर सुटे करायचे. सुरुवातीचा गर्भ म्हणजे असे तीन पदर, एकावर एक. खालच्या पदरातनं आतडी, मधल्यातनं हाडं, मांस, रक्त, हृदय, आणि वरच्यातनं कातडी आणि मेंदू. इथवर आले की सरांचा आवाज चढायचा आणि तोंड प्राचार्यांच्या केबिनकडं वळायचं. "ध्यानात ठेवा, कातडी अन् मेंदू एकाच पदरातनं निघतात. ज्याची कातडी लई जाड, त्याच्या मेंदूची चौकशी करू नये." केबिनची खिडकी उघडीच असायची. मग तिन्ही पदर भाजीला लावून खायचे. आमच्या बॅचला तो धडा कायमचा पाठ आहे, फक्त चपाती खाताना अजून जरा विचित्र वाटतं.

बोटांवरून तर त्यांनी स्टाफचा छळ केला. गर्भाचा हात आधी उलथन्यासारखा चपटा असतो. त्याला बोटं फुटत नाहीत, मधल्या पेशी ठरल्या वेळी मरतात आणि मग बोटं सुटी होतात. बदकाच्या पायात त्या मरत नाहीत, म्हणून त्याचा पंजा जोडलेला राहतो. हे शास्त्र वर्गात ठीक होतं. सरांनी ते स्टाफच्या मीटिंगमध्ये काढलं. "ह्या कॉलेजात ज्या पेशींनी वेळेवर मरायला पाहिजे होतं, त्या अजून मस्टरवर सही करायल्यात. म्हणून आपला पंजा बदकाचा राहिलाय." दोन ज्येष्ठ प्राध्यापक त्यानंतर रिटायर होईपर्यंत त्यांच्याशी बोलले नाहीत. सर म्हणायचे, खामखा नमस्कार-चमत्कारात जाणारा वेळ वाचला.

प्रॅक्टिकलला अंडी लागायची. कोंबडीचं अंडं तीन दिवस उबेला ठेवायचं, मग कवचाला कात्रीनं चौकोनी खिडकी पाडायची. आत पिवळ्या बलकावर रक्ताच्या बारीक रेषांचं जाळं आणि मधोमध एक लाल ठिपका, उडत असलेला. ते हृदय. चोच नाही, पंख नाही, पाय नाही, पण हृदय कामाला लागलेलं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या मागं उभी असलेली पोरगी रडली होती. मी रडलो नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगितलं.

ही अंडी सर स्वतः माकणीच्या एका मावशींकडून आणायचे. एस.टी.त मांडीवर टोपली, टोपलीवर मफलर, भर उन्हाळ्यातसुद्धा. खड्डा आला की ड्रायव्हरला ओरडायचे, "हळू, हळू! पेशी विभागायल्यात!" कंडक्टर उठून त्यांना पुढची सीट द्यायचा, आणि नव्या प्रवाशांना, मास्तर जरा तसेच आहेत, असं डोळ्यांनी सांगायचा.

एका वर्षी ऑफिसनं ठरवलं की मावशींकडं पक्कं बिल नसतं, तेव्हा अंडी रीतसर कोटेशन मागवून घ्यायची. पोल्ट्रीच्या दुकानातून दोन ट्रे आले, पांढरेशुभ्र, सगळी एका मापाची. सरांनी एवढंच विचारलं, "ह्यांच्यात कोंबडा होता का?" प्राचार्य म्हणाले, "सर, अंडं कोंबडी देते." आमच्या सरांनी सगळी अंडी उबवणीच्या पेटीत ठेवली, तीन दिवस तापमान लिहून ठेवलं, आणि बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर, प्राचार्यांना मुद्दाम बोलावून घेऊन, एकेक अंडं उघडलं. साठच्या साठ कोरी. टेबलभर नुसता ऑम्लेटचा माल. "कोटेशन बरोबर हाय, सर," आमचे सर म्हणाले, "बाप तेवढा न्हाय." आमची परीक्षा त्या वर्षी तोंडीवर भागवली.

पुढच्या वर्षी सरांनी मागणीपत्रात लिहिलं, 'कोंबडा, नग एक'. ऑफिसनं उलट विचारलं की सजीव वस्तू डेड स्टॉक रजिस्टरला कशी चढवावी याचा लेखी खुलासा करावा. सरांनी खुलासा केला, 'स्टाफची नोंद ज्या रजिस्टरला आहे त्यात चढवावी.' ती फाईल अजून जपून ठेवलेली आहे म्हणतात. कोंबडा काही आला नाही. सर पुन्हा माकणीला जायला लागले.

माझी मुलगी झाली तेव्हा मी पेढे घेऊन त्यांच्याकडं गेलो. मी तोवर एका ज्युनियर कॉलेजात बारावीला जीवशास्त्र शिकवायला लागलो होतो. मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी ही आमच्याकडची रीत. मी मुलगी झाली तरी पेढे नेले होते, सरांनी विद्यार्थ्याचा पुरोगामीपणा पाहावा म्हणून. सरांनी पेढा उलटसुलट करून पाहिला. "आता पेढा? आठवा आठवडा संपला तेव्हा आणायचा होतास. अवघड काम तेव्हाच झालं होतं." पुरोगामीपणाकडं त्यांचं लक्षही गेलं नाही. मी हिरमुसून परत आलो.

निवृत्तीनंतर माणसं देवाला लागतात नाहीतर शेअर बाजाराला. सर मुलग्याच्या औषधाच्या मागं लागले.

लोहाऱ्याच्या अंगाला रस्त्यावरच एक गाव आहे. नाव सांगून मला त्यांची जाहिरात करायची नाही. तिथं दर रविवारी एक गृहस्थ मुलगा होण्याचं औषध द्यायचे. बाईनं दिवस राहिल्यावर दीड महिन्याच्या आत यायचं, पूर्वेला तोंड करायचं, आणि खाली खोंड, म्हणजे नर वासरू, असलेल्या गाईच्या दुधात कालवलेली हिरवट पूड एका दमात प्यायची. पत्र्याच्या शेडमध्ये टोकन घेऊन रांग लागायची. त्या रांगेत जात नव्हती, धर्म नव्हता, शिक्षणाची अट नव्हती. ट्रकवाले, आडतवाले, बँकेतले, शाळेतले, सगळे आपापल्या बायका घेऊन एका ओळीत. एवढी समता आमच्याकडं दुसरीकडं कुठं बघायला मिळत नाही.

सरांना सगळ्यात जास्त चीड यायची ती त्या मुदतीची. "दीड महिना! नेमका दीड महिनाच सापडला ह्यांला! ह्याच दिवसांत पाठीचा कणा मिटतो, हृदयाचे कप्पे पडतात, हातापायाचे कोंब फुटतात. अन् ह्याच दिवसांत हे आत काय ओतायलेत ते त्यांलाबी म्हाईत न्हाय. मुलगा का मुलगी ते तर पहिल्याच दिवशी ठरून गेलंय. ठरलेलं बदलत न्हाय, पण घडणारं बिघडतं." त्यांनी अर्ज केले. अर्जावर 'चौकशी व्हावी' असा शेरा पडला. चौकशीला आलेल्या साहेबांनी शेड पाहिली, चहा घेतला आणि जाताना आपल्या सुनेसाठी एक पुडी बांधून घेतली. सरांनी अर्ज करायचं सोडून दिलं.

मग दर रविवारी ते त्या शेडसमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसायला लागले. बरोबर टोपली, टोपलीत तीन दिवस उबवलेली अंडी, कात्री, आणि एक जुनं हजेरीपुस्तक. रांगेतल्या लोकांना बोलावून अंड्यातलं हृदय दाखवायचे आणि औषध घेऊ नका म्हणून सांगायचे. लोक बघायचे, हळहळायचे आणि परत रांगेत जायचे. औषधवाले गृहस्थ स्वभावानं गोड. ते सरांना चहा पाठवायचे. एकदा स्वतः येऊन म्हणाले, "सर, तुमचे लई उपकार हायत. तुमचं अंडं बघून लोक म्हणतात, जीव किती नाजूक असतोय, औषध घ्यायलाच पायजे. गिऱ्हाईक वाढलं बघा." त्या दिवशी सरांनी चहा प्यायला नाही.

हजेरीपुस्तक कशाला, असं मी, सर एकदा रस्त्यात भेटले तेव्हा, त्यांना विचारलं होतं. "अडाण्यांसाठी न्हाय बसत मी तिथं," ते म्हणाले. "माझ्या हातनं पास झालेले किती येतात ते मोजायला बसतो." तेव्हा त्यात नऊ नावं होती. मी मनमुराद हसलो. घरी येऊन बायकोलाही सांगितलं, तीही हसली.

पुढच्याच वर्षी बायकोला पुन्हा दिवस गेले, आणि मी तिला त्या गावाला घेऊन निघालो.

हे मी आईवर ढकलू शकलो असतो, आपल्याकडं तशी सोय असते. पण आई आधीच म्हणाली होती, "नातू असू दे न्हायतर नात, मला काय करायचंय?" मला तर तिचा जवळजवळ राग आला. शिफारस केली होती आमच्या स्टाफरूममधल्या गणिताच्या सरांनी. "शंभरातल्या पन्नास जणांना हमखास गुण येतो," असं ते म्हणाले, आणि मी मान हलवली. मी विज्ञानाचा माणूस, मी स्वतःला समजावलं की झाडपाल्यानं काही होत नाही. बायको मराठीची बी.ए., माहेर कळंबचं. ती म्हणाली, "मला ह्यातलं काय कळतंय? तुम्ही बायॉलॉजीचे. तुम्हाला बरं वाटत असंल तर चला." तिनं माझ्यावर विश्वास ठेवला तो मी शिकवतो त्या विषयामुळं. हे मला अजून टोचतं.

रविवारी सकाळी मोटारसायकलवर गेलो. सर तिथं असतात हे माहीत होतं, म्हणून मी हेल्मेट घातलं आणि रांगेतही काढलं नाही. आमच्याकडं लोक गाडीवर हेल्मेट घालत नाहीत. ते घालून रांगेत उभा राहणारा मी पहिलाच असेन. टोकन मिळालं सत्तेचाळीस नंबरचं.

पाच मिनिटांत टपरीवरून हाक आली. "ए हेल्मेट! इकडं ये."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. शेजारच्या माणसानं मला ढोसलं, "तुम्हालाच बोलवायलेत." गेलो.

"काढ ते," सर म्हणाले. "माझाच असणार तू. बाकीच्यांला कशाची लाज? ते उघड्या तोंडानं येतात."

हेल्मेट काढलं. सरांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागून आलेल्या बायकोकडं पाहिलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. मीही चार शब्द बोलून, तोंड फिरवून रांगेत परत गेलो असतो. पण त्यांनी हजेरीपुस्तक उघडलं, माझं नाव लिहिलं, पुढं 'हजर' लिहिलं. मग टोपलीतलं एक अंडं घेऊन कात्रीनं खिडकी पाडली. वय झालं होतं, तरी खिडकी चौकोनीच पडली. ते अंडं त्यांनी माझ्या तळहातावर ठेवलं आणि रांगेकडं तोंड करून खणखणीत आवाजात म्हणाले, "हे माझे विद्यार्थी. बारावीला जीवशास्त्र शिकवतात. माझं कुणी ऐकत न्हाय, आज हे सांगतील."

दहा-पंधरा माणसं जमली. मला पळून जायचं होतं, पण हातात अंडं होतं आणि अंड्यात हृदय उडत होतं. शिवाय मास्तराला समोर माणसं दिसली की त्याचं तोंड आपोआप सुरू होतं. मी सुरू झालो. आधी तीन थर, मग त्यांतून काय काय होतं, मग हृदय. खरं सांगतो, चांगलं सांगितलं. फेटा बांधलेल्या एका आजोबांनी वाकून आत पाहिलं आणि विचारलं, "ह्यो कोंबडा हाय का कोंबडी, मास्तर?"

"आत्ता दिसत नाही, बाबा. पण ठरलंय. पहिल्याच दिवशी ठरतं."

"कुणावरनं ठरतंय?"

"कोंबड्यांत मादीवरून. माणसांत उलटं असतं."

"उलटं म्हंजे?" हे विचारलं माझ्या बायकोनं.

वर्गात हा प्रश्न मला दरवर्षी येतो आणि मी फळ्यावर दोन चौकटी काढून दोन मिनिटांत उत्तर देतो. इथं फळा नव्हता. "म्हणजे पुरुषावरून," मी म्हणालो.

"अन् कधी? पहिल्याच दिवशी?"

"हो."

"आज आपला कितवा?"

"चाळिसावा," मी म्हणालो. सर खाली मान घालून कात्री पुसत बसले होते. त्यांनी मला मदत केली नाही.

तेवढ्यात शेडमधून पुकारा झाला, "सत्तेचाळीस!"

मी तिला थांबवायला पाहिजे होतं. शब्द तयार होते, नुकतेच मीच पंधरा माणसांना सांगितले होते. पण मी गप्प उभा राहिलो, आणि बायकोनं माझ्या दुसऱ्या हातातलं टोकन घेतलं आणि एकटीच शेडकडं गेली. मला वाटलं, संपलं. सरांनाही तसंच वाटलं असणार, कारण त्यांनी कात्री टोपलीत टाकली.

ती परत आली ती स्टीलचा ग्लास घेऊन. दूध वरपर्यंत, त्यात हिरवट काहीतरी तरंगत होतं. तिनं तो माझ्यापुढं धरला.

"घ्या."

"मी?"

"तुमच्यावरनं ठरतंय म्हणालात न्हवं? मग तुम्ही प्या."

एक बाई फिसकन हसली. मी एका हातात अंडं धरून उभा, आणि ग्लास घ्यायला दुसरा हात पुढं केलाही होता. एवढ्यात शेडमधून औषधवाले गृहस्थ धोतर सावरत पळत आले.

"ओ ताई! ताई! गड्यांला न्हाय चालत ते! गड्याला बाधतं!"

बायको त्यांच्याकडं वळली. आवाज चढवला नाही तिनं, घरी भाजीवाल्याशी बोलते तशी बोलली.

"गड्याला बाधतं, अन् पोटातल्या लेकराला न्हाय बाधत?"

तिनं ग्लास टपरीच्या बाकड्यावर ठेवला आणि पदराला हात पुसले.

सर उठले होते. मग म्हणाले, "तीस वर्षं शिकवलं मी. दर रविवारी इथं घसा फोडला. हे एवढं एक वाक्य मला सुचलं न्हाय." मग बायकोला विचारलं, "बाई, तुमचा विषय कोणता होता?"

"मराठी. बी.ए."

"तरीच," सर म्हणाले, आणि माझ्याकडं असं पाहिलं की मला पुन्हा हेल्मेट घालावंसं वाटलं.

रांग मोडली वगैरे काही नाही. दोघीजणी टोकन टाकून निघाल्या. त्यातल्या एकीला तिच्या नवऱ्यानं दंडाला धरून परत आणलं. बाकीची रांग मोकळ्या जागेत पुढं सरकली आणि अठ्ठेचाळीस नंबर पुकारला गेला. येताना मी गाडी इतकी हळू चालवली की सायकलवाले पुढं गेले. मागं बसलेल्या बायकोचं बोलणं झालं होतं, आणि मला बोलायला तोंड नव्हतं.

लेकरू झालं त्याच्या सातव्या दिवशी सर घरी आले. हातपाय धुतले, आईनं बसा म्हटलं तरी बसले नाहीत. दुपटं सोडून लेकराला पालथं घेतलं आणि मानेपासून खालपर्यंत पाठीवरून अंगठा फिरवला. मग सरळ करून दोन्ही मुठी उघडल्या, बोटं एकेक करून पाहिली. लेकरानं रडायला तोंड उघडलं तेव्हा वाकून टाळू पाहून घेतला. आई मला बाजूला घेऊन कुजबुजली, "बाजारात आल्यासारखं काय बघायलेत रे हे?"

"सगळं जागच्या जागी हाय," सर माझ्या बायकोला म्हणाले, आणि चहा न घेता निघाले. दुपटं त्यांनी स्वतःच्या हातानं नीट गुंडाळलं होतं.

आई दारापर्यंत गेली आणि परत येऊन कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "काय झालंय, मुलगा का मुलगी, ते सुद्धा इचारलं न्हाय की मास्तरानं."

नाही विचारलं. तुम्हीही विचारू नका.